वळणावरचा दगड

१

तुमच्याबरोबर चालणारं माणूस मागे राहिलं, तर तुम्ही त्याच्यासाठी किती वेळ थांबता?

मी हे कोणाला कोंडीत पकडायला विचारत नाही. मला खरंच जाणून घ्यायचं आहे. मी स्वतः एकदा एक मिनिट थांबले होते. समोर लॅपटॉपवर घड्याळ होतं, म्हणून इतकं नक्की सांगता येतं.

आम्ही सिडनीला हॅरिस पार्कमध्ये राहतो. लाल विटांची जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. खालच्या दारापासून आमच्या दारापर्यंत छत्तीस पायऱ्या आणि मधे पहिल्या मजल्याचं वळण. माझे मिस्टर शैलेंद्र गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात, मुलगी निहारिका युनिव्हर्सिटीत शिकते आणि मी एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत कामाला आहे. माझं शिक्षण तासगावात बारावीपर्यंत झालं, मग लग्न.

आई तासगावातच, माझ्या धाकट्या भावाकडे, यतिनकडे राहायची. तिची आणि माझी एक सवय होती. मुलगी परदेशात असलेल्या बऱ्याच घरांत ती असेल. आम्ही व्हिडिओ कॉल लावून ठेवायचो आणि आपापली कामं करायचो. बोलायलाच पाहिजे असं नाही. ती तिकडे चहा गाळायची, मी इकडे भाजी चिरायची. मधेच ती म्हणायची, "आहेस ना?" मी म्हणायची, "आहे." तेवढं पुरायचं.

तिच्या गुडघ्यामुळे ती काठी घेऊन चालायची. काठीचं खालचं रबर कधीच निघून गेलं होतं, त्यामुळे फरशीवर टक टक वाजायचं. यतिन दर महिन्याला म्हणायचा, आणतो. शेवटी मीच इथल्या केमिस्टकडून एक आणलं, राखाडी रंगाचं. पण तेव्हा पार्सलं जात नव्हती. ते माझ्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये राहिलं.

२

कोरोना आला त्या पहिल्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जूनमध्ये, निहारिकाने माझं एका गोष्टीत नाव नोंदवून दिलं. जपानमधल्या कुरेसावा नावाच्या छोट्या गावातली एक गाइड दर मंगळवारी फोन हातात घेऊन गाव दाखवत फिरायची आणि आपण घरी बसून बघायचं. फुकट होतं. तिकडचे पर्यटक बंद झाल्यावर त्यांच्या पर्यटन कचेरीने हे सुरू केलं होतं.

"मम, यू नीड अ हॉबी," निहारिका म्हणाली. "यू कान्ट जस्ट क्लीन द फ्रिज एव्हरी डे."

गाइडचं नाव चिगुसा. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, साधं सोपं इंग्रजी बोलणारी, त्यामुळे मलाही सगळं कळायचं. आठ-दहा जण असायचे, बहुतेक रिटायर झालेले ऑस्ट्रेलियन. जपानात सकाळचे दहा, आमच्याकडे अकरा आणि आईकडे साडेसहा. दुसऱ्याच मंगळवारी माझ्या डोक्यात आलं, की आईला पण नेऊया. मग मी साखरेच्या डब्याला फोन टेकवून लॅपटॉपसमोर उभा करायची. माझ्या फोनमधून आई लॅपटॉपमधलं जपान बघायची.

फिरणं स्टेशनपासून सुरू व्हायचं. एका डब्याची गाडी, समोर लोणच्याचं दुकान. तिथे लालसर आलुबुखार मिठात घालून उन्हात वाळवलेले असायचे. आई म्हणायची, "हे आपल्यासारखंच की. झाकण कापडाचंच आहे बघ." मग रस्त्याकडेचा पाट, त्यात मोठे नारिंगी मासे. पांढऱ्या भिंतींची भाताची कोठारं. किल्ल्याच्या जागी नुसती दगडी बैठक. दीडशे वर्षांपूर्वी राजवट बदलली तेव्हा वरचं सगळं लाकूड विकून टाकलं, आता त्या दगडांवर चेरीची झाडं आहेत. दर आठवड्याला चिगुसा वेगळं काही दाखवायची, पण शेवट ठरलेला असायचा. गावाच्या टोकाला टेकडी, टेकडीवर देऊळ आणि देवळाला एकशे बाहत्तर पायऱ्या. दोन्ही बाजूंना उंच सुरूसारखी झाडं आणि ठरावीक अंतरावर दगडी दिवे.

पायऱ्यांच्या मधोमध एक वळण होतं. तिथे एक सपाट दगड, बसून बसून मधे गुळगुळीत झालेला. चिगुसा तिथे आली की थांबायची. फोन वरच्या पायऱ्यांकडे धरायची, स्वतः पण वर तोंड करून उभी राहायची आणि एक-दोन मिनिटं काही बोलायची नाही.

पहिल्या वेळी कोणीतरी विचारलं, काही प्रॉब्लेम आहे का?

ती म्हणाली, "आमच्या गावात शेवटचं माणूस येईपर्यंत या दगडापाशी थांबतात. पण मागे वळून बघत नाहीत. बघितलं की मागचं माणूस घाई करतं."

खरं तर आमच्यात मागे राहणारं कोणी नव्हतंच. सगळे आपापल्या खुर्चीत होतो. ती तिची जुनी सवय असणार.

आईला ते फार आवडलं. "किती शहाणी माणसं," ती म्हणाली. "तुझे बाबा पुढे जाऊन मागे वळायचे आणि भर बाजारात ओरडायचे, अगं चल की! मी मेली धावत सुटायची."

तेव्हापासून आईचा खेळ सुरू झाला. पायऱ्या आल्या की ती तिकडे तासगावात खुर्चीत बसून काठी फरशीवर आपटायची, जणू चढतेच आहे. तीन टक, मग थांबणं. तीन टक, मग थांबणं. खरी चढायची पण ती तशीच, तीन पायऱ्या झाल्या की गुडघा तिला थांबवायचा.

"थांब गं शुभे, दम लागला. तुझी जपानीण नुसती पळते."

"चला आजीबाई, देव वर वाट बघतोय."

"देवाला काय घाई आहे? त्याचे गुडघे ठीक असतील."

मी हे इंग्रजीत करून सांगायची आणि सगळे हसायचे. ग्लेनिस नावाची एक बाई होती, ती तर आधी आईलाच हॅलो म्हणायची. चिगुसा दगडापाशी विचारायची, "शुभदा-सान, आई आल्या?" आई ओरडायची, "आले गं, आले!" मग आम्ही पुढे जायचो. जवळजवळ वर्षभर हे चाललं.

३

वीस एप्रिल, दोन हजार एकवीस. त्या मंगळवारी माझी एक वाजताची शिफ्ट होती. चिगुसाच्या नेटवर्कमुळे सुरुवातच उशिरा झाली होती आणि मला अजून डबा भरायचा होता.

पायऱ्यांवर आई म्हणाली, "थांब गं. दम लागलाय."

"मग बसा दगडावर," मी म्हणाले. मी तिच्याकडे बघतही नव्हते, कणीक मळत होते.

ती अजून काहीतरी म्हणाली. पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होते, की ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं होतं. ती म्हणाली होती, "अगं, खरंच."

चिगुसा दगडापाशी थांबली. पाठ फिरवून, नेहमीसारखी. "शुभदा-सान, आई आल्या?"

आईचा आवाज नाही. लॅपटॉपवर अकरा बेचाळीस झाले होते. त्रेचाळीस झाले तेव्हा मी कणकेच्या बोटाने म्यूट काढलं आणि म्हणाले, "नो वरीज, चिगुसा-सान. यू गो. शी विल कम."

चिगुसा लगेच हलली नाही. मग हलली.

आई म्हणाली, "जा तुम्ही. येते मी मागून."

त्या रात्री तिला ताप आला. शुक्रवारी ऑक्सिजन लागला, आणि बेड मिळाला तो शनिवारी. सोमवारी यतिनचा फोन आला.

त्याच आठवड्यात इकडच्या सरकारने भारताची विमानं थांबवली. लोक मला समजावत होते, गेली असतीस तरी परत येता आलं नसतं. खरं आहे. पण तेव्हा इथून देशाबाहेर जायलाही सरकारची परवानगी लागायची आणि मी त्यासाठी अर्जसुद्धा केला नव्हता, हे कोणाला माहीत नव्हतं. तिचं सगळं मी फोनवर बघितलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली माणसं तिला उचलत होती आणि यतिन गेटच्या बाहेर उभा होता.

दहा दिवसांनी त्याने विचारलं, "ताई, डॉक्टर म्हणाले, आधी दोन दिवस तरी दम लागत असणार तिला. आम्हाला कळलंच नाही गं. तुला काही बोलली होती का?"

"नाही," मी म्हणाले.

४

जूनच्या शेवटी सिडनी पुन्हा बंद झालं. आमच्या भागात जास्तच कडक होतं, पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, कामावर जायला परवाना. माझ्या शिफ्ट बदलल्या आणि मंगळवार सुट्टीचा झाला. घरात बसून काय करायचं, म्हणून एका मंगळवारी मी लॅपटॉप उघडला. हातांनी सवयीने साखरेचा डबा पुढे ओढला आणि त्याला फोन टेकवून ठेवला. कॉल कोणालाच लावलेला नव्हता. काळा स्क्रीन नुसता लॅपटॉपकडे बघत होता.

"शुभदा-सान!" चिगुसाला खरंच आनंद झाला. "किती दिवसांनी. आई पण आहेत?"

दहा चौकटींमधून दहा चेहरे माझ्याकडे बघत होते. ग्लेनिस हात हलवत होती. मी तोंड उघडलं. ते वाक्य इंग्रजीत कसं म्हणायचं ते मला येत होतं. वृद्धाश्रमात आठवड्यातून एकदा तरी ऐकायला येतंच.

"येस," मी म्हणाले. "शी इज हिअर."

लोणच्याचं दुकान बंद होतं. पाटातले मासे होते. मग पायऱ्या आल्या, मग वळण आलं आणि चिगुसा दगडापाशी थांबली. ती नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. झाडांतून वारा जात होता. मी ठरवलं, पुढच्या वेळी तिला एकटीला मेसेज करून सांगेन, म्हणजे सगळ्यांसमोर बोलावं लागणार नाही.

तेव्हा खूप खालून आवाज आला. टक. टक. टक.

मग काही नाही. मग पुन्हा तीन.

मी स्वतःला म्हटलं, सुतारपक्षी असेल. कोणीतरी झाडत असेल. चिगुसा ज्या काठीला फोन लावते ती पायरीवर लागत असेल. तेवढ्यात चिगुसा हलक्या आवाजात म्हणाली, "आज फार वेळ लागणार त्यांना. आपण थोडं पुढे जाऊ. त्या आपल्या सवडीने येतील."

५

मी तिला मेसेज केला नाही. दर मंगळवारी ठरवायची आणि दर मंगळवारी डब्याला फोन टेकवून बसायची.

आवाज दर वेळी थोडा वरून यायचा. जुलैत तो पायथ्याच्या लाल कमानीपाशी होता. ऑगस्टमध्ये पहिल्या दिव्याच्या वर आला. मला पायऱ्या पाठ झाल्या होत्या, त्यामुळे अंदाज करता यायचा. आठवड्याला सहा-सात पायऱ्या. कधी तीनच. पाऊस पडला त्या आठवड्यात एकही नाही.

एकदा मी निहारिकाला बोलावून ऐकवलं. तिने माझे हेडफोन कानाला लावले, भुवया वर केल्या.

"इट्स द सेल्फी स्टिक, मम. इट्स हिटिंग समथिंग."

"मग तीनदाच का वाजतं? मधे थांबतं का?"

"बिकॉज शी वॉक्स लाइक दॅट?" तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि मग तिचं लक्ष साखरेच्या डब्याकडे, टेकवलेल्या फोनकडे गेलं. तिचा आवाज बदलला. "मम. आर यू ओके? आजीसाठी लावलायस का तो?"

"सवय आहे गं नुसती."

पुढच्या मंगळवारी चिगुसाची ती काठी मोडली होती. ती फोन हातात धरून फिरली. आवाज आला, तसाच.

मग ग्लेनिसने चॅटमध्ये लिहिलं, 'हा टकटक आवाज कसला गं, माझ्याकडेच येतोय का?' अजून दोघांनी लिहिलं, आम्हालाही येतोय. मला त्या दिवशी आधी बरं वाटलं, की माझ्या डोक्यात बिघाड नाही. नंतर भाजी निवडताना लक्षात आलं, की डोक्यात बिघाड असता तर सोपं होतं.

मी चिगुसाला खाजगी चॅटमध्ये विचारलं. खूप विचार करून एकच ओळ लिहिली, 'मागून कोण येतं, तुम्हाला दिसतं का?'

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तिने लिहिलं होतं, 'नाही. आम्ही बघत नाही. पण पायऱ्यांवर कोणी चढत असलं की कळतं. तुमच्या आई फार धीराच्या आहेत. मागच्या आठवड्यात तिसऱ्या दिव्यापाशी बराच वेळ टेकल्या होत्या. श्वासाचा आवाज बरा नव्हता. त्यांना डॉक्टरकडे नेता येईल का?'

मी ते वाचून फोन पालथा ठेवला. दुपारभर चादरींना इस्त्री करत राहिले, घरच्या चादरींना, ज्यांना कधी कोणी इस्त्री करत नाही.

सांगायला हवं होतं. माझी आई एप्रिलमध्ये गेली, तुम्ही कोणासाठी थांबता आहात ते मला माहीत नाही. एवढंच लिहायचं होतं. पण मग चिगुसा थांबली नसती. आणि माझी आई तिथे, त्या झाडांखाली, अर्ध्या पायऱ्यांवर... मी असा विचार करत होते, हे मला मान्य आहे. तिला दगडापर्यंत येऊ दे, मग सांगेन, असं मी ठरवलं. मीच तिला तिथे सोडून गेले होते.

६

एकवीस सप्टेंबरला चिगुसाने सुरुवातीलाच सांगितलं, की हे आजचं शेवटचं. कचेरीने कार्यक्रम बंद केला होता. ती सगळ्यांना वाकून नमस्कार करत होती, ग्लेनिस रडत होती आणि मी मनात पायऱ्या मोजत होते. मागच्या मंगळवारी आवाज वळणाच्या खाली नऊ-दहा पायऱ्यांवर होता.

चिगुसाने सगळ्या गावाचा निरोप घेतला. पाट, कोठारं, किल्ल्याची बैठक. तिला माहीत नसावं की ती किती वेळ घेते आहे. पायऱ्या चढून ती दगडापाशी आली तेव्हा म्हणाली, "माफ करा, बॅटरी नऊ टक्के आहे. पण थांबू."

टक. टक. टक.

खूप जवळ होता. आता श्वासही येत होता. ओढलेला, मधे अडकणारा. मी लाँड्रीत काम करते, खोल्यांत जावं लागतं, तो श्वास मी ओळखते. चॅटमध्ये कोणी काही लिहीत नव्हतं. चिगुसा पाठ करून उभी होती, फोनमध्ये वरच्या पायऱ्या आणि झाडांचे शेंडे.

आठ टक्के, ती म्हणाली. मग सात.

टक. टक. टक. पुन्हा थांबणं. या वेळचं थांबणं संपेना.

अजून तीन-चार पायऱ्या राहिल्या असतील. सहा टक्के. मला वाटलं, आता फोन बंद पडणार, आणि ती तिथेच राहणार, दगडाच्या तीन पायऱ्या खाली, कायमची. मी म्यूट काढलं.

"चिगुसा-सान, प्लीज, कॅमेरा मागे करा."

"नको, शुभदा-सान. त्या घाई करतील."

"प्लीज. एकदाच. मला तिला काहीतरी सांगायचं आहे."

 मग तिने स्वतः मान न वळवता हात खांद्यावरून मागे नेला.

चित्र हललं. शेवाळलेली पायरी, दिव्याचा पाया, मग खाली जाणाऱ्या पायऱ्या, झाडांच्या सावलीत काळसर. चौथ्या पायरीवर कोणीतरी बसलं होतं. तपकिरी शाल डोक्यावरून घेतलेली, मान खाली. गुडघ्यावर एक हात आणि दुसरा काठीवर. काठीवरचा हात वर झाला, पंजा उघडा, आई करायची तसा. थांब.

मी म्हणाले, "आई."

शालीचं टोक माझ्या दिशेने वळायला लागलं. आणि ती उठली. तिच्या गुडघ्यांनी कधीच उठली नसती तशी, एकदम, कोणीतरी ओरडून हाक मारल्यासारखी. टक टक टक टक. चार.  ती थांबत नव्हती. श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि ती वर येत होती, घाईने, मी बघते आहे म्हणून.

मी लॅपटॉप मिटला.

दोन्ही हात त्याच्यावर दाबून मी उभी राहिले, जणू आतून कोणी उघडणार होतं. अकरा त्रेपन्न झाले होते. डब्याला टेकवलेल्या फोनच्या काळ्या काचेत माझं स्वयंपाकघर दिसत होतं, नळ, खिडकी आणि मी.

७

दुपारी तीनच्या सुमारास निहारिका आपल्या खोलीत हेडफोन लावून लेक्चर ऐकत होती. मी डाळ धुवत होते. नळ बंद केला तेव्हा खालचं दार लागल्याचा आवाज आला. आमच्या इमारतीचं दार जड आहे, सोडलं की आपटतं.

मग जिन्यात, काँक्रीटवर, टक टक टक टक टक.

मधे थांबणं नव्हतं.

मी दारापाशी गेले. साखळी लावलेली होती. आमच्याकडे दाराला बघायचं भिंग आहे, पण त्यातून फक्त समोरचं दार दिसतं, जिना दिसत नाही. मी कान लावला. आवाज पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत आला आणि तिथे बंद झाला. मग नुसता श्वास. खूप धावलेल्या माणसाचा.

कोणी घरी सामान आणून देणारा असेल. तळमजल्यावरच्या पंजाबी कुटुंबाची आजी असेल. मी हे सगळं दाराला कपाळ टेकवून म्हणत होते. एक हात साखळीवर होता. साखळी काढायला किती वेळ लागतो?

मी तिथे पाच वाजून गेले तरी उभी होते. श्वास कधी थांबला ते कळलं नाही, कारण मला माझाच ऐकू येत होता.

कुलपात किल्ली फिरली तेव्हा मी किंचाळले.

"अगं, मी आहे!" शैलेंद्र बाहेरून म्हणाले. "साखळी काय लावून बसलीयेस दिवसाढवळ्या?"

ते आत आले, मास्क काढला, हात धुवायला गेले. नळाच्या आवाजावरून ओरडून म्हणाले, "वळणावरचा बल्ब गेलाय. घराच्या एजंटला फोन कर. आणि खाली कोण नवीन राहायला आलंय का?"

"का?"

"वळणावर पायरीवर एक म्हातारी बसलीये. दम खातेय. मास्कबिस्क काही नाही. मी आपला भिंतीला चिकटून, श्वास रोखून वर आलो. या दिवसांत कोणाचं काय सांगता येतं?"

"चेहरा बघितलात?"

"अंधारात काय दिसणार? शाल होती डोक्यावर." ते टॉवेलला हात पुसत बाहेर आले आणि माझ्याकडे बघून थांबले. "काय झालं?"

"तिने काही म्हटलं?"

"मी विचारलं, यू ओके? तिने नुसता हात केला." त्यांनी पंजा उघडून वर धरला. "थांबा म्हणाल्यासारखा."

मी त्यांना दार उघडू दिलं नाही, आणि मी पण उघडलं नाही. त्यांनी मला चहा करून दिला. मी तो घेतला. रात्री यतिनला फोन करून एप्रिलमध्ये आई काय म्हणाली होती ते सांगितलं, "अगं, खरंच," आणि मी काय म्हणाले ते पण.  तो म्हणाला, "ताई, तू तरी काय करणार होतीस?" मी म्हणाले, "थांबले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर येत नाही म्हणून फोन केला, स्वयंपाकघरातली एक खुर्ची आणि पाण्याचा तांब्या खाली वळणावर नेऊन ठेवला, खुर्चीवर ड्रॉवरमधलं ते राखाडी रबर ठेवलं आणि वर येऊन, दार सताड उघडं टाकून, उंबरठ्यावर जिन्याकडे पाठ करून बसले.